इथे अंदाज चालत नाही

शेळीच्या दुधाचा साबण म्हणजे दूध आटवायचं, त्यात तेल घालायचं आणि साच्यात ओतायचं, असं मी धरून चालले होते. म्हणून तयारीला निघाले ती थेट बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये. सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या सुमारास बांधलेली आणि कारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पालिकेला दिलेली ही इमारत. आज आत महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजी, फळं, फुलं. वाटलं, इथे सगळंच मिळेल.

"बकरीनुं दूध अहीं नहीं मळे, बेन. भरवाडने त्यां पूछो," फुलवाल्या मावशी म्हणाल्या. साबणात घालायला गुलाबाच्या पाकळ्या घेतल्या, आणि घरी वाचल्यावर कळलं की साबणातल्या कॉस्टिक सोड्यामुळे गुलाब तपकिरी पडतो. दूध मात्र शहराबाहेर शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या एका भरवाड कुटुंबाकडे मिळालं. बडोदा, भरूच, सुरत हा सुरती शेळीचा मुलूख, आणि ही जात दुधासाठीच पाळतात.

खरा गोंधळ पुढे सुरू झाला. साबण दुधाचा होतच नाही; तो होतो तेलाचा आणि कॉस्टिक सोड्याचा. दूध येतं पाण्याच्या जागी. शिवाय प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो : खोबरेलाच्या एका ग्रॅमला सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. म्हणून खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २५० आणि एरंडेल ५० असं धरलं, तर सोडा ७७ ग्रॅम निघतो. त्यातला पाच टक्के कमी करून ७३ घ्यायचा, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडी ओढत नाही. दूध १६५ ग्रॅम. वर्षानुवर्षं मीठ चिमटीने घालणाऱ्या हाताला हे फार अवघड गेलं.

दुधाची आणखी एक अडचण होती. सोडा विरघळताना प्रचंड उष्णता सुटते. त्या उष्णतेने दुधातली साखर करपते, दूध नारिंगी होतं आणि अमोनियासारखा उग्र वास येतो. म्हणून दुधाचे बर्फासारखे खडे करून, भांडं बर्फात ठेवून, सोडा चमच्याचमच्याने घालायचा. सोडा दुधात, सोड्यावर दूध कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, पोरंबाळं दुसऱ्या खोलीत. भांडं स्टीलचं, कारण ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. माझे हात कापत होते. त्या भीतीनेच मला प्रत्येक आकडा पुन्हा वजनकाट्यावर बघायला लावलं.

सोडा घातलेलं दूध तेलात मिसळून ढवळत राहिले, तेव्हा मिश्रण पातळ पिठल्याइतकं दाट झालं. पळीतून पडलेली धार क्षणभर वरच दिसू लागली. साच्यात ओतून थंड जागी ठेवलं, कारण दुधाचा साबण आतून तापतो. वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर ठेवायच्या : पाणी उडतं, वडी कडक होते.

या कामात मला बडोद्याचं कलाभवन सारखं आठवत राहिलं. महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या त्या संस्थेचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. तिथे रंगाई आणि रसायनांचं शिक्षण कारागिरांच्या भाषेत देण्याचा प्रयत्न झाला. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी याच शहरात अलेंबिक ही रसायनांची कंपनी सुरू केली. रसायन हा कारागिराच्या हाताचा विषय आहे, हे बडोद्याने शतकापूर्वीच ओळखलं होतं. ते मला माझ्या ओट्यावर पटलं.

शेळीच्या दुधाने त्वचेचे आजार बरे होतात, असं मी म्हणणार नाही. एवढं सांगते : ग्लिसरीन वडीतच राहतं, फेस मऊ येतो, आणि आपण अंगाला काय लावतो हे ग्रॅमनिशी ठाऊक असतं. सुरुवात करणाऱ्याने आधी पाण्याचा साधा साबण करावा आणि दुधाकडे नंतर वळावं. आणि त्याहीआधी एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा.