बेदाणा शेडमधला काटा



खरड छाटणीला आज ५२ दिवस झाले. सोनाकाच्या सबकेन सारख्या निघाल्यात, पण आठ दिवस झाले आभाळ उघडत नाही. काडीत माल धरायचे दिवस हेच, आणि ऊन नाही. ज्यांनी नत्र जास्त सोडलंय त्यांनी जरा हात आखडा, वेल माजला की फळछाटणीनंतर घडाऐवजी बाळ्याच मोजत बसाल. बागेचं एवढंच. आजची नोंद दुसरी आहे.

नोंद माझ्या लेकीची आहे. वय २६. तिला विचारून लिहितोय, आणि टाकायच्या आधी तिला वाचून दाखवणार आहे. शेतीच्या पानावर हे कशाला, असं काही जण म्हणतील. तर बघा, वेलीच्या संजीवकांवर आपण तास तास बोलतो. जीए किती पीपीएम, सीसीसी कितव्या पानाला, सिक्स-बीए कधी. आणि घरातल्या पोरीच्या अंगातली संजीवकं बिघडली की आपल्या तोंडातून शब्द निघत नाही. माझाही निघत नव्हता. निघाला तो नको तो निघाला.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. शेडवर बेदाण्याच्या १५ किलोच्या पेट्या भरायचं काम चाललेलं. लेक हिशोब लिहायला आली होती. पलीकडं जाताना तिचा पाय काट्यावर पडला, दुसराही पडला, आणि आकडा लागला ८६. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "पावणेसहा पेट्या भरल्या की गं!" कामाच्या बायका हसल्या. मी हसलो. तीसुद्धा हसली. वही पेटीवर ठेवली आणि घरी गेली.

त्या रात्री ती जेवली नाही. मला वाटलं, बरं झालं, लागलं म्हणायचं मनाला.

खरं तर खुणा आधीपासून होत्या, वाचता येत नव्हत्या. पानावर ठिपका पडला की मी भिंग घेऊन बसणारा माणूस, पण पोरीच्या मानेवर काळा पट्टा उठला तेव्हा तिच्या आईला वाटलं मळ आहे. बेसन, लिंबू, दगड, सगळं घासून झालं. मान लाल व्हायची, काळं जायचं नाही. हनुवटीवर केस यायला लागले ते ती गुपचूप उपटायची. पाळी वर्षातून तीन-चारदा. हे आईला माहीत होतं, पण "लग्न झालं की होतंय सुरळीत" असं आमच्या बहिणीनं सांगितलं आणि विषय मिटला. मला तर त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच दिसायचं की पोरगी सुटत चाललीय आणि दोन स्थळं "कळवतो" म्हणून गेलीत.

शेडवरच्या त्या दिवसानंतर तिनं मनावर घेतलं. तालुक्याच्या गावातला एक जण महिन्यात दहा किलो उतरवतो म्हणून पावडरचे डबे विकायचा. दोन वेळ पावडर, एक वेळ जेवण. वर सोमवार, गुरुवार उपवास. उपवासाला साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे उपवासातही साखरच पोटात. तीन महिन्यांत ८६ ची ७९ झाली. आम्ही खूश. केस मूठ मूठ गळायला लागले, जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी, तरी आम्ही खूशच. डब्यांचे पैसे संपले, पावडर सुटली, आणि जुलैअखेर वजन ८८. आधीपेक्षा दोन जास्त. मी काय बोललो असेन ते तुम्ही ओळखा. एवढंच सांगतो की त्यात "जिभेवर ताबा" हे शब्द होते.

ऑगस्टमध्ये तिची मैत्रीण तिला मिरजेला एका डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली. दुसऱ्या फेरीला मी गाडी घेऊन गेलो आणि बाहेर बाकड्यावर बसलो. बाईंनी मला आत बोलावलं. पहिला प्रश्न, "घरात साखर कुणाला आहे?" माझी आई साखरेनं गेली. माझी स्वतःची उपाशीपोटी ११२ येते. बाई म्हणाल्या, म्हणजे पुढच्या पायरीवर उभे आहात. रोग कमी पडला की आपण खुंट विचारतो, डॉगरिज का आणखी कुठला. तसं त्यांनी खुंट विचारला, आणि खुंट माझा निघाला. खाण्यापिण्याचा भाग आहेच, पण हे पुष्कळसं घराण्यातूनही येतं म्हणाल्या. मी पोरीकडं बघितलं नाही. बघवलं नाही.

पीसीओएस. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. दर दहा बायकांत साधारण एकीला असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना ते असल्याचं कळलेलंच नसतं. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांची नोंद छापली, तेव्हापासून वैद्यकाला ते ठाऊक आहे. आमच्या घरात यायला एवढी वर्षं लागली.

बाईंनी सोनोग्राफी दाखवली. अंडाशयाच्या कडेनं बारीक बारीक काळे गोल. नावात सिस्ट आहे म्हणून बायको गाठ समजून रडायला लागली होती. ती गाठ नव्हे. दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात, त्यातलं एक पुढं जाऊन पक्व होतं आणि सुटतं. इथं ती सगळीच अर्ध्यावर थांबलेली. घडात मणी धरलेत पण एकाचीही फुगवण झाली नाही, सगळे हिरव्या बाजरीएवढे राहिले, असं समजा. मणी कमी नाहीत. संजीवकांचा तोल गेलाय.

आणि तो तोल का जातो, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझं तोंड बंद झालं. ते आपल्या भाषेत सांगतो. ठिबकचा फिल्टर चोकला की टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही. मग मोटर जादा जोर लावते. पाणी कसंबसं पोचतं, म्हणून बागेत काही कमी दिसत नाही, पण मेन लाईनवरचा दाब वाढलेला असतो आणि कुठला तरी जॉइंट गळायला लागतो. इन्सुलिनचं तसंच. साखर पेशीत ढकलणारं संजीवक ते. पेशी दाद देईनात की शरीर दुप्पट सोडतं. रक्तातली साखर तपासली तर नॉर्मल येते, कारण मोटर जोरात चाललीय. पण अंडाशयाचा फिल्टर चोकलेला नसतो. त्या वाढलेल्या दाबानं ते पुरुषी संजीवक जास्त बनवायला लागतं. म्हणून हनुवटीवर केस, म्हणून पाळी लांबते. मानेवरचा काळा पट्टा हीसुद्धा त्या वाढलेल्या इन्सुलिनची खूण. आणि इन्सुलिन चढतं असलं की चरबी साठते सहज, सुटते अवघड. चरबी वाढली की पेशी आणखी दाद देत नाहीत. चक्र आहे ते. काही जणींना बारीक असूनही हा त्रास असतो, म्हणजे जाडी हे काही त्याचं मूळ नव्हे. मी ज्याला जिभेवरचा ताबा म्हणत होतो त्यात निम्मं तरी हे होतं.

बाईंनी लक्ष्य काय दिलं असेल? मला वाटलं, ५५ किलो करा म्हणतील. त्या म्हणाल्या, आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के. बस्. ८८ चे पाच टक्के म्हणजे साडेचार किलो. तेवढ्यानं पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. पोरीनं पहिल्यांदा मान वर केली ती तेव्हा.

मग गोळ्या. त्यांची नावं आणि डोस मी लिहिणार नाही, विचारूही नका. हे फवारणीचं वेळापत्रक नव्हे, प्रत्येकीचं वेगळं. थायरॉईड आधी तपासलं, ते ठीक निघालं. एक गोळी साखरेच्या लोकांना देतात ती. "साखर नसताना साखरेची गोळी" म्हणून गल्लीत चर्चा झाली. पहिले पंधरा दिवस पोट बिघडलं, मग बसलं. दुसरी पाळी आणायची. ती पट्टी बघून बायकोनं डोक्याला हात लावला, कारण गर्भ राहू नये म्हणून देतात तीच ती. लग्नाआधी घरात असलं पाकीट! बाईंनी तिला बसवून सांगितलं, महिनोन् महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर साचत जातं आणि ते पुढं धोक्याचं ठरू शकतं, ते वेळेवर झडलं पाहिजे. बायकोनं ऐकलं. पाकीट मात्र अजून डाळीच्या डब्यामागं असतं.

जेवणाचं सांगतो, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून या आजाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात अमुकच आहार दुसऱ्यापेक्षा सरस असं काही निघालेलं नाही. जो वर्षभर निभेल तो खरा. आमच्यात निभला तो असा: ज्वारीची भाकरी दोन, आधी तीन असायच्या. मटकी, हुलगा, अंडी, ताक. भाताचा ढीग गेला. सकाळचा चहा-बिस्किट गेला, त्याला तिला सहा महिने लागले. उपवास बंद, त्यावर तिच्या आजोळचे अजून नाराज आहेत. आणि बेदाणा. हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आपल्या घरात बेदाण्याचं पोतं कायम उघडं, येता जाता मूठ. चार किलो द्राक्ष आटवून आपण एक किलो बेदाणा करतो, म्हणजे साखर किती आटली असेल हे शुगर बघून माल तोडणाऱ्याला तरी कळायला पाहिजे होतं. शंभर ग्रॅमला तीनशेच्या आसपास कॅलरी. पोरगी शेडवर दिवसभर हिशोब लिहीत बसायची आणि पुढ्यात चाळलेला माल. आता पोतं वरच्या खोलीत असतं. गिऱ्हाइकानं हे वाचून बेदाणा सोडू नये. दहा-बारा दाणे खा की.

चालायचं ठरलं तर वेगळीच अडचण. आमच्याकडं बाईमाणूस शेतात दिवसभर राबलेलं चालतं, पण नुसती चालायला निघाली की लोक थांबून बघतात. कालव्याच्या रस्त्यावर दोन पोरं रोज काहीबाही बोलायची. आठव्या दिवशी ती घरी बसली. तेव्हा मी उठायला लागलो. पहाटे साडेपाच, आठवड्यातले सहा दिवस, पाऊण तास. पहिला महिना आम्ही एक शब्द बोललो नाही. ती पुढं, मी मागं दम खात. बाईंनी सांगितलं होतं की स्नायू हेच साखर खपवणारं मोठं गिऱ्हाईक, म्हणून नुसतं चालून भागत नाही, जोरही पाहिजे. तर आठवड्यातून दोनदा ती शेडवर पेटी छातीशी धरून बैठका मारते. आधी पाच किलोची, आता भरलेली. त्याच पेट्या.

वजनाचा आलेख सरळ नव्हता. चार महिन्यांत ८८ चे ८३, आणि गोळी न घेता पाळी आली. तारीख मला सांगितली नाही, पण त्या दिवशी बायकोनं शिरा केला आणि मग दोघी हसत बसल्या, शिरा कशाला केला म्हणून. पुढं ८१ वर काटा अडकला तो पाच महिने हलला नाही. मी बेचैन. मी म्हटलं, चालणं वाढव. ती म्हणाली, "आबा, थंडीत वेल वाढत नाही म्हणून तुम्ही पाणी तोडता का?" कंबर मात्र त्याच पाच महिन्यांत दीड इंच उतरली होती, ते काटा दाखवत नाही. आज ७८. गेल्या अकरा महिन्यांत पाळी नऊदा. मानेचा पट्टा फिकट झालाय, गेलेला नाही. हनुवटीचे केस आहेत तसेच. माझी उपाशीपोटीची साखर १०२, ही फुकटची कमाई.

हे बरं होऊन संपणारं नाही, हेही बाईंनी सांगितलंय. सोडलं की परत चढतं. मूल होईल का, हे बायकोनं दाराबाहेर थांबून विचारलं. पुष्कळ जणींना होतं, काहींना थोडी औषधाची मदत लागते, असं उत्तर मिळालं.

स्थळाला सांगायचं का, यावर घरात दोन महिने भांडण चाललं. बायको म्हणायची, कुठला शेतकरी बाग विकताना मर दाखवतो? मी बायकोच्या बाजूचा होतो, खोटं कशाला बोलू. पोरगी म्हणाली, मी सांगणार. गेल्या महिन्यात पलूसकडचे लोक आले होते. चहा झाल्यावर तिनं मुलाला अंगणात नेऊन सगळं सांगितलं, गोळीसकट. मुलगा ऐकत होता, मधे दोन प्रश्नही विचारले त्यानं. जाताना त्याची आई "कळवतो" म्हणाली. तीन आठवडे झाले.

एवढं लिहून तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या. पावणेसहा पेट्यांची ओळ मीच काढतो म्हटलं. ती म्हणाली, "ती राहू दे. ती तुमची आहे."

सांजेला पुन्हा भुरभुर आली. उद्या चालून आल्यावर शेंडा मारायला घ्यायचाय, आभाळ फाटलं तर फवारणी.