खालीची मात्रा

गाण्याने कोणाचा जीव जाईल, अशी कल्पना आपण कधी केली नव्हती. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, माउंट व्हर्नन येथे एका गायकवृंदाच्या अडीच तासांच्या तालमीस ६१ माणसे जमली. त्यांतील ५३ जण करोनाग्रस्त धरले गेले (चाचणीने ठरलेले ३३, लक्षणांवरून मानलेले २०) आणि दोघे दगावले. म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या प्राथमिक शाळा पुन्हा उघडल्या आणि आमच्या कन्येच्या शाळेने समूहगायन तूर्त बंद असल्याचे पत्र धाडले, तेव्हा परिपत्रके वाचण्यात हयात घालविलेल्या मला त्यात वावगे काही दिसले नाही. मात्र वेळापत्रकात संगीताचा तास जागच्या जागी होता. गाणे वर्ज्य, संगीत चालू! असा हुकूम एखाद्या कचेरीतूनच निघावा.

तिसरीतल्या त्या मुलांनी जवळजवळ दोन वर्षे एकत्र बसून काही ऐकले नव्हते. संगीताच्या बाई बंगाली होत्या. त्यांनी पेटी उघडण्याआधी मुलांचे हात उघडले. त्रितालाच्या सोळा मात्रा. पहिली, पाचवी आणि तेरावी टाळीची, नववी खालीची. कन्या घरी येऊन जेवणाच्या पाटावर हेच करी आणि मला बजावी, "बाबा, खालीला वाजवायचं नाही, पण सोडायचंही नाही!" हात नुसता उलटा फिरवायचा. सगळा वर्ग एकदम गप्प होतो आणि त्या गप्पपणाचीही मात्रा मोजली जाते, ही गोष्ट तिला फार नवलाची वाटली. पुढे रूपक आला. त्याच्या सातांपैकी पहिलीच, म्हणजे समच, खाली. त्या दिवशी वर्गात म्हणे हसण्याचा कल्लोळ उडाला.

वसाहतीतली शाळा, मुले निरनिराळ्या प्रांतांतली. बदल्यांमागे मुलांच्या शाळा बदलणाऱ्या आपणां सर्वांना ठाऊक आहे, की नव्या शाळेतले पोर प्रार्थनेच्या वेळी नुसते ओठ हलवीत उभे असते. येथे ओठ मुखपट्टीखाली होते, आणि एका तमिळ मुलीस आदिताल येत होता. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट. नंतर टाळी आणि हाताची उलटी फेक, पुन्हा टाळी आणि फेक. आठ मात्रा झाल्या. बाईंनी तो तास तिच्या स्वाधीन केला. सहसा तोंड न उघडणारी ती मुलगी आठवडाभर वर्गाची गुरू होती.

स्वरांची सोय अधिक अवघड. बाई पेटीवर स्वर धरीत. मुलांनी डोळे मिटून तळहाताच्या उंचीने तो दाखवायचा. डोळे मिटायचे ते शेजाऱ्याची नक्कल होऊ नये म्हणून. इंग्लंडात जॉन कर्वेनने एकोणिसाव्या शतकात स्वरांसाठी हाताच्या खुणा ठरविल्या व पुढे हंगेरीत कोदाय यांच्या पद्धतीने त्या उचलल्या. ही त्यांचीच दूरची भावंडे. शिवाय चिनी मातीच्या वाट्यांत पाणी भरून जलतरंग झाले. पाणी वाढले की स्वर उतरतो, हे आमच्या स्वयंपाकघरातील दोन वाट्यांचा बळी घेऊन सिद्ध करण्यात आले.

हात असला की गळ्याची गरजच काय, असे म्हणणारे उत्साही लोक मला त्या दिवसांत भेटले. ते मला पटत नाही. शुद्ध मध्यम नि तीव्र मध्यम यांतले अंतर तळहाताने दाखविता येते. पण ते स्वतःच्या कंठात शोधावे लागते तेव्हाची धडपड निराळी, आणि ती त्या मुलांच्या वाट्याला उशिरा आली. बाईंनाही याची जाणीव असावी. मार्चअखेर पालकांना वर्ग दाखविताना त्यांनी तालाचेच काय ते कौतुक केले, स्वरांविषयी अवाक्षर काढले नाही.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर गायनास परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी त्या वर्गाचा षड्ज दहा ठिकाणी लागला, असे कन्या सांगते. सम मात्र एकाचीही चुकली नाही. सारा पावसाळा बाई तो 'सा' जुळवीत होत्या.