कोठ्याची किंमत

दलालाने जाहिरातीचा जो मसुदा आणला, त्यात आमच्या शेताचे वर्णन दोन ओळींत आटोपले होते: दारव्ह्यापासून जवळ, पाच एकर काळी जमीन, विहीर, आणि फार्महाऊसला योग्य अशी मोठी शेड. ही ‘शेड’ म्हणजे आमचा कोठा. वऱ्हाडात गुरांच्या गोठ्याला कोठाच म्हणतात. सागाचे खांब, वर पत्रे, तीन बाजूंना तुराट्यांचा कूड. शहरातून येणारे गिऱ्हाईक जमिनीच्या आधी त्या पत्र्यांकडे पाहते. आत मोटारी किती मावतील, पाहुण्यांसाठी दोन खोल्या निघतील काय, असे विचारते. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कुठवर टिकते, हे अद्याप एकानेही विचारलेले नाही.

मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची छोटी ‘शकुंतला’ गाडी थांबली. पण वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या लोहमार्गाच्या आखणीत दारव्हा आहे, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब गाडी धावू लागल्यापासून भाव विचारणारे वाढले आहेत. विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. तेव्हा ही मंडळी आधी एखाद्या काकाच्या नावचा सातबारा शोधून ठेवतात.

कोठा बैलांसाठी बांधला हे खरे. परंतु वडिलांना त्याचा खरा आधार कापसासाठी होता. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. ज्याच्यापाशी कोरडी जागा नाही, त्याला कापूस मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर घालावा लागतो. ज्याच्यापाशी आहे, त्याला थांबता येते. १९७२ साली एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा लागत आणि माणसे गाडीखाली रात्री काढीत. वडील मात्र रांग ओसरेपर्यंत कापूस कोठ्यात राखत. ती योजना गेली, थांबण्याची गरज काही गेली नाही. आज आमचे शेत मक्त्याने वाहणारे गृहस्थ आपला आणि शेजारच्या दोघांचा कापूस तेथेच ठेवतात. नाताळात फादर मोटारसायकलवरून येत, तेव्हा मिस्सादेखील याच कोठ्यात होई. वेदीच्या मागे पांढरा ढीग, बाजूला रवंथ करणारे बैल! आम्हांला ख्रिस्तजन्माचा देखावा वेगळा मांडावा लागत नसे.

२०२५ हे ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष झाले. त्या निमित्ताने लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय मी पुन्हा वाचला, आणि या वेळी त्यातील भक्तीपेक्षा हिशेबच अधिक जाणवला. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून विकताना किंमत ठरवायची ती मधल्या पिकांच्या संख्येवर. वर्षे अधिक तर मोल अधिक, वर्षे थोडी तर मोल थोडे. विकली जाते ती पिके, भूमी नव्हे. त्याहून नवल असे, की तटबंदीच्या नगरातले घर वर्षभरात सोडवले नाही तर कायमचे जाते. पण तट नसलेल्या खेड्यातले घर शेतातच धरावे आणि शेताबरोबर परत द्यावे, असा नियम आहे. आमचा दलाल शेडची किंमत चौरस फुटांवर वेगळी लावतो. मोशेच्या नियमाने ती शेतातच धरली असती.

मी काही नाबोथ नव्हे. आम्हा तिघा भावंडांपैकी कोणीही आता नांगर धरत नाही आणि आईच्या उपचारांचे कर्ज फेडायचे आहे. विकणे चुकणार नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद न करता ख्रिस्ती कुटुंबात वाटा मिळतो. त्यामुळे बहिणीच्या सहीवाचून खरेदीखत होणार नाही, आणि तिने एक अट घातली आहे. पैसे थोडे कमी आले तरी चालतील, परंतु कोठ्याचा ताबा शेवटची वेचणी होऊन कापूस विकला जाईपर्यंत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला जानेवारीतच फरशी घालायची आहे. धाकट्याने प्रथम कुरकुर केली, मग मानले. आमच्या तिघांचे उत्तर दलालाला कळवले आहे. त्याचा निरोप अजून आलेला नाही.