शेम शेम म्हणण्याआधी

वाई,
श्रावणातला सोमवार

प्रिय सोनू,


परवा फोनवर तू आवाज बारीक करून बोलत होतीस तेव्हाच ओळखलं, सासूबाई शेजारच्या खोलीत असणार. तू अर्धं सांगितलंस, मी अर्धं ऐकलं. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर एवढं लिहायला माझा अंगठा तयार नाही.

मला समजलं ते असं. बाळाचं लंगोट बदलताना चिमीने बारशाला आलेल्या पाहुण्यांसमोर विचारलं, "त्याला आहे ते मला का नाही? माझं पडलं का?" सगळे हसले. आजी म्हणाली, "शी! असलं विचारतात का?" आणि तेव्हापासून दुपारी झोपताना चिमीचा हात चड्डीत जातो, आजी हातावर चापट मारते, चिमी भोकाड पसरते आणि तू मधल्यामध्ये.

आधी ती चापट थांबव. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

चार वर्षांच्या मुलांचा हात तिथे जातो. झोप येताना, कंटाळा आला की, नाहीतर घरात नवं बाळ येऊन आपली मांडी गेली की जास्तच जातो. बालवाडीत इतकी वर्षं दुपारच्या सतरंजीवर मी हे बघत आले. कुणी अंगठा चोखतं, कुणी कानाची पाळी चोळतं, कुणाचा हात चड्डीत. त्यात मोठ्या माणसांच्या मनातलं काहीही नसतं. तरी एकदा आंघोळीच्या वेळी नीट बघून घे. लाली आहे का? सध्या पावसाळा आहे, अर्धवट वाळलेली चड्डी घातली जाते. साबणाचा फेस नीट धुतला जात नाही. आणि रात्री खाज सुटत असेल तर जंत असू शकतात. सुतासारखे बारीक पांढरे कृमी रात्री गुदद्वारापाशी येतात, मुलींमध्ये खाज पुढेही जाते. फेब्रुवारीच्या १० तारखेला अंगणवाडीत आणि शाळांत जंताची गोळी देतात, ती हिला मिळाली होती का, ते आठव. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनीच औषध घ्या, नाहीतर एकाचं जाऊन दुसऱ्याला होतं.

हे काही नसेल तर सोडून दे. हातात कापडाची बाहुली दे, पाठीवरून हात फिरव, गोष्ट सांग. नेहमीच्या आवाजात, चेहरा न बदलता एवढंच सांग की नाक कोरण्यासारखंच आहे हे, चार लोकांत करत नाहीत. खेळ सोडून दिवसभर तेच चाललं, दुखतं म्हणाली, डाग दिसले, किंवा तिच्या वयाला ठाऊक असू नये असं काही ती करून दाखवू लागली, तर मात्र वाट बघू नकोस. बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आता तिचा प्रश्न. प्रश्न चांगलाच होता. तिला भावाचं आणि आपलं अंग वेगळं दिसलं आणि तिने विचारलं. सांग तिला, "पडलं नाही गं. मुलगे असे असतात, मुली अशा. त्याला शिश्न आहे, तुला योनी आहे. दोघांची शूची जागा तिथेच, फक्त घडण वेगळी." बास. चार वर्षांच्या मुलीला दोन वाक्यं पुरतात, तिसऱ्या वाक्याला ती उठून गेलेली असते. घरात तुम्ही 'शूची जागा' म्हणता ना, तेही राहू दे. पण खरे शब्दही तिच्या कानावर असू देत. आमच्याकडे एकदा एक मुलगी सकाळपासून "माझी चिमणी दुखतेय" म्हणत होती आणि नव्या बाई तिला खिडकीतली चिमणी दाखवून गप्प करत होत्या. घरी कळलं तेव्हा पोरीला लघवीचा जंतुसंसर्ग होऊन ताप चढला होता.

आणि हो, "मी कुठून आले" असंही विचारेल, आज ना उद्या. आपल्या घरात तीन पिढ्या एकच उत्तर: तुला जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलं! तुझी आई हे ऐकून एकदा बोहारणीच्या मागे मागे पारापर्यंत रडत गेली होती. तुला तर दाखवायला पोटावर सिझेरियनचा व्रण आहे. दाखव तो. "इथे पिशवी असते, गर्भाशय म्हणतात, त्यात तू वाढलीस, मग डॉक्टरांनी इथून काढलं." बघ किती खूश होते. आपल्या आईच्या अंगावर आपली खूण आहे, याचं मुलांना फार अप्रूप असतं. तो व्रण लपवायचा, पोट सुटलंय म्हणून आरशासमोर चिडचिड करायची, हे तू करतेस का? करत असशील तर दार लावून कर. मुली शरीराविषयीची मतं आईच्या आरशातून उचलतात.

बाळाच्या मालिशबाईबद्दल तू विचारलं होतंस. मालिश चांगलंच. तेलाचा हात, ऊन पाणी, पायावर पालथं घेऊन आंघोळ, मऊ दुपट्यात गुंडाळणं, या साऱ्यातून त्या जिवाला आपलं अंग पहिल्यांदा कळतं. पण तिला स्पष्ट सांग: नाक ओढायचं नाही. ओढून नाक सरळ होत नाही, ते आई-बापावर जातं. छाती पिळायची नाही. आईच्या रक्तातून आलेल्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती जराशी फुगते, कधी दुधासारखा थेंबही येतो, काही आठवड्यांत आपोआप उतरते. पिळलं तर तिथे पू होऊ शकतो. आणि बाळाच्या शिश्नाची कातडी मागे ओढायची नाही. जन्मतः ती चिकटलेलीच असते, पुढे वर्षावर्षाने सुटत जाते. जोर लावला तर चिरते, आणि ती जखम भरताना कातडी जास्तच आवळते. बाई म्हणेल, "मी शंभर पोरं वाढवली." म्हणू दे.

चिमी हे सगळं टुकूटुकू बघत असते, हे विसरू नकोस. भावाच्या अंगाला घरातली माणसं कशी हात लावतात, यावरून ती स्वतःबद्दलही ठरवतेय.

आंघोळीचंच घे. सकाळी शाळेची घाई, तू तिला खसाखसा घासून काढत असणार. कधी तरी साबण तिच्या हातात दे. हात, पोट, पाय तिचे तिला घासू दे. पाठ तू घास, पण "आता पाठ" असं सांगून. केसांवर पाणी ओतण्याआधी "डोळे मीट" म्हण. पुढून मागे धुवायचं, तेही याच वयात शिकवायचं. मॉन्टेसरीबाईंच्या साहित्यात बटणांच्या चौकटी असतात, तू लहानपणी त्यांच्याशी खेळलीस. कापडाच्या दोन पट्ट्या आणि मध्ये काज-बटणं. अक्षर ओळखायच्या आधी मूल स्वतःचे कपडे स्वतः घालायला शिकतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं याला त्यांनी शिक्षणच मानलं. आमच्या पिढीच्या बालवाडीच्या बायकांना ती सवय तिथूनच लागली. मात्र आमच्यातल्याच काही जणी ओल्या चड्डीच्या पोराला वर्गासमोर उभं करून "शेम शेम" म्हणवून घ्यायच्या. असं एकदा झालं की ते पोर नंतर शाळेत पाणीच पीत नसे.

याउलट, तपासणीला आमच्या बालवाडीत एक डॉक्टर येत. नळी काढून मुलासमोर बसत आणि विचारत, "पोटाला लावू का?" मूल "नको" म्हणालं की नळीचं टोक त्याच्याच हातात देत. "मग तू लाव, मी ऐकतो." एका पोराने ती नळी आधी कपाळाला, मग गुडघ्याला लावली आणि शेवटी छातीवर ठेवली. डॉक्टरांनी तिन्ही ठिकाणी गंभीरपणे ऐकलं. रांग खोळंबली होती, मी घड्याळाकडे बघत होते, पण त्या दिवशी एकही मूल रडलं नाही.

आमच्याच वर्गात एका मुलाच्या हातावर कोडाचे पांढरे डाग होते. हात धुताना शेजारच्या मुलीने विचारलं, "चुना लागलाय?" मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "नाही, हे माझंच आहे." आणि साबण पुढे सरकवला. त्याच्या घरात या डागांबद्दल कसं बोलत असतील, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

तुमच्या घरात कसं बोलतात? "बाळ गोरं आहे हो, चिमी जरा बापावर गेली," हे मी बारशातच ऐकलं. ते दुधात भिजवलेलं डाळीचं पीठ चिमीला कशासाठी लावता? मळ निघावा म्हणून असेल तर हरकत नाही, रंग उजळावा म्हणून असेल तर बंद करा. आणि "किती वाळलीय" हेही पुरे. पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या तिप्पट वजनाचं होतं, नंतर वर्षाला दोनेक किलोच भरतात. साहजिकच भूक उतरते. चिमीचं पोट भरलं की ती तोंड फिरवते. त्यावर चिऊचा घास, काऊचा घास करून आणखी चार घास कोंबायचे म्हणजे तिच्या पोटाने तिला सांगितलेलं खोटं पाडायचं. एकीकडे "तुझं अंग तुझं" असं शिकवणार आणि दुसरीकडे पोट भरलं की नाही ते आजी ठरवणार, हे जमायचं नाही.

तसंच त्या पाप्यांचं. "काकांना पापी दे", "मामींना मिठी मार", गालगुच्चे. मूल आईच्या मागे लपतं आणि आई लाजून त्याला पुढे ढकलते. आपल्याकडे नमस्कार आहे, तो पुरेसा आहे. चिमी नको म्हणाली तर तूच हसत सांग, "आज तिला नकोय." पाहुणे रागावले तर माझं नाव सांग.

हे लाड-संस्कारांचं बोलणं नाही, सोनू. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली अहवाल काढला होता. १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून केलेला, आपला महाराष्ट्रही त्यात होता. ५३ टक्के मुलांनी सांगितलं की त्यांच्याशी कुणी ना कुणी लैंगिक चाळे केले होते. त्यात निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते, त्यामुळे बाळाबद्दलही निर्धास्त राहू नकोस. करणारे बरेचसे ओळखीतले. आणि बहुतेक मुलांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला पोळतं ते हे शेवटचं. का नाही सांगितलं? कसं सांगणार? ज्या जागेचं नाव काढलं की आजी "शी" म्हणते, तिथे कुणी हात लावला हे मूल कोणत्या तोंडाने सांगेल? त्याला वाटतं, घाण आपणच केली.

म्हणून शाळेत वर्षातून एकदा 'गुड टच, बॅड टच' झालं की आपलं काम झालं, असं मला वाटत नाही. वाईट स्पर्श दर वेळी वाईट वाटतोच असंही नाही. गुदगुल्यांतून, लाडांतून, चॉकलेटातून सुरू होतं. चिमीला पारखायला सांगू नकोस, सोपा नियम दे. चड्डीच्या आतली जागा तिची. धुवायला आई-बाबा, आजारी पडली तर आई शेजारी असताना डॉक्टर. बाकी कुणी नाही. आणि अंगाबद्दलचं गुपित कुणी ठेवायला सांगितलं तर ते आईला सांगायचंच, आई रागावणार नाही. मग खरंच रागावू नकोस. चेहरासुद्धा पाडू नकोस, पोरं तोंडाकडे बघून पुढचं वाक्य गिळतात. तशी वेळ येऊ नये, पण १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फ्रिजवर लिहून ठेव. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही, आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. घरची अब्रू म्हणून झाकायची सोय राहिलेली नाही, हे बरंच झालं.

जावईबापू म्हणाले असतील, "मावशीचं काहीतरीच, हे सगळं परदेशी खूळ." त्यांना सांग, र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक १९२७ साली काढलं, मराठीतच, आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४ साली त्यांच्या बाजूने खुद्द बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्राने शाळांतलं किशोरवयीनांचं लैंगिक शिक्षण थांबवलं. खूळ कुणाचं म्हणायचं, ते त्यांनीच ठरवावं.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना कुणी कधी "आता पाठ" असं म्हणालं असेल का? न्हाण आलं तेव्हा चार दिवस दाराबाहेर बसवलं, एवढंच त्यांच्या अंगाबद्दल त्यांच्याशी कुणी बोललं असेल. त्यांच्या हाताला तेलाचं कसब आहे, बाळाला लावतात तसं रविवारी चिमीलाही लावून द्यायला सांग. बाळ आल्यापासून तिला आजीचा हात चापटीपुरताच मिळतोय. चिमीलाच म्हणायला लाव, "आजी, आधी पाय, मग पाठ." नातीचं ऐकतील त्या, तुझं नाही ऐकायच्या.

चिमीसाठी पुढून बटणांचे दोन सुती फ्रॉक शिवलेत, गौरी-गणपतीला येशील तेव्हा ने. बटणं मुद्दाम मोठी लावलीत. घालायला दहा मिनिटं लागतील तिला, मध्ये हात घालू नकोस.

हे पत्र सासूबाईंना वाचायला दिलंस तरी चालेल. नाक ओढण्याचं तेवढं पान काढून ठेव, बाळाचं नाक त्या स्वतःच ओढत होत्या, बारशाला मी पाहिलंय.

तुझी,
मावशी