चतुःसीमा

खरेदीखतातले घराचे वर्णन साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावे. पूर्वेस अमक्यांचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस सामाईक बोळ, उत्तरेस तमक्यांची खुली जागा. येणेप्रमाणे चतुःसीमा असलेली मिळकत. शीट क्रमांक येतो, प्लॉट क्रमांक येतो, क्षेत्रफळ येते, बांधकामाचा प्रकार एका ओळीत उरकला जातो. घर स्वतः कसे आहे याविषयी दस्त मूक असतो. भोवती जे जे 'ते नाही' ते सांगून झाले, की मध्ये उरलेल्या चौकोनात घर सिद्ध होते. चिन्हाला अर्थ लाभतो तो इतर चिन्हांपासूनच्या त्याच्या वेगळेपणामुळे, हे सोस्यूरचे म्हणणे मी अमरावतीला एम.ए.च्या वर्गात पाठ केले होते. कळले ते काही वर्षांनी, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर, दस्तलेखकाच्या शेजारी बसून.

मी घरे आणि प्लॉट विकून देण्याचे काम करतो. मराठी घेऊन एम.ए. झालो, चार वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले, आणि 2001 साली बडनेरा रोडवर एका नातलगाने पाडलेल्या लेआउटचे प्लॉट दाखवायला म्हणून जो गेलो तो तिकडचाच झालो. माझ्या कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असे छापलेले आहे. लोक दलाल म्हणतात. पूर्वी राग येई, आता येत नाही. दलाल हा शब्द अरबी. त्याचा धातू 'वाट दाखवणे, निर्देश करणे' अशा अर्थाचा आहे आणि हिंदी-उर्दूतली 'दलील' त्याच कुळातली. शिवाय वऱ्हाडात हा धंदा काही आगंतुक नव्हे. अकोला आणि अमरावती ही शहरे कापसाने वाढवली आणि कापसाच्या गाडीबरोबर अडत्या आणि दलाल आलेच. कापूस व धान्य बाजारांसाठी वऱ्हाडात 1897 साली कायदा झाला. शेतमालाच्या बाजाराचे नियमन करणारा देशातला तो पहिला कायदा मानला जातो, आणि त्यात दलालाला परवाना घ्यावा लागे. आमच्या विश्वासार्हतेविषयीची शंका इतकी जुनी आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते, की दलालाचे कसब घेणाऱ्याला पटवण्यात असते. ते खरे नाही. घेणारा स्वतःच्या पायांनी येतो. त्याला घर हवेच असते. पटवावे लागते ते विकणाऱ्याला. घर विकायचे ठरवून जो माणूस तुम्हाला बोलावतो त्याने बहुधा काहीच ठरवलेले नसते. त्याच्या ओसरीवर बसून त्याचे घर ही एक विक्रेय वस्तू आहे, हे आधी त्याला दाखवावे लागते. आणि ती विकायला दुसऱ्या कोणाकडे न देता माझ्याकडेच का द्यावी, हेही त्याच बैठकीत गळी उतरवावे लागते. कारण आपल्या आधी एक येऊन गेलेला असतो आणि संध्याकाळी तिसरा यायचा असतो. पार्टी, माल, टोकन, इसार हे आमचे नेहमीचे शब्द त्या पहिल्या भेटीत तोंडातून निघू द्यायचे नसतात.

साहित्यात आमच्या व्यवसायाची माणसे आहेत. सिंक्लेअर लुईसचा बॅबिट आहे (1922), डेव्हिड मॅमेटच्या 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस'मधले जमिनी खपवणारे विक्रेते आहेत. त्या नाटकाला 1984 साली पुलित्झर मिळाले. पण मॅमेटची माणसे गिऱ्हाइकाच्या मागे असतात. विकणाऱ्याच्या दिवाणखान्यात ताटकळणारा माणूस मला एकच भेटला, तो चेखॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये (1904). लोपाखिन मालकिणीला पुनःपुन्हा सांगतो, की बाग तोडा, जमिनीचे तुकडे पाडून उन्हाळी बंगल्यांसाठी द्या, इस्टेट वाचेल. शुद्ध लेआउट! वर्गात आम्हाला तो नव्या धनिक वर्गाचा प्रतिनिधी म्हणून शिकवला गेला. आज मला तो वेगळा दिसतो. त्याचा हिशेब बिनचूक आहे आणि कोणी ऐकत नाही, कारण तो एकरांविषयी बोलतो आहे आणि त्या बालपणाविषयी. आपल्याकडे एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (1985) अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे. ते नाटक मी बऱ्याचदा पाहिले, आणि अलीकडे पाहताना मनाशी नकळत वाड्याचे चौरस फूट मोजू लागलो. हे सांगायला लाज वाटते, पण खरे आहे.

विकणारा आपल्या घराविषयी बोलतो तेव्हा तो प्रसंग सांगतो. या खोलीत बाबा गेले. या कोनाड्यात गौरी बसतात. हे दार पूर आला त्या वर्षी बदलले. मी ते ऐकतो आणि वहीत लिहितो: पूर्वाभिमुख, हवेशीर, मोक्याची जागा, बाजार जवळ. विशेषणे सगळ्या घरांना चालतात, म्हणून जाहिरात विशेषणांत लिहायची. प्रसंग एकाच घराचा असतो, त्याला भाव नाही. विकणारा आणखीही एक गोष्ट सांगतो, निरोप घेताना, आवाज उतरवून: अमक्या लोकांना दाखवू नका. कधी जात, कधी धर्म. शेजाऱ्यांना काय वाटेल, एवढेच कारण दिले जाते. मी मान डोलावतो आणि बहुतेक वेळा तसे वागतो. अमरावतीतल्या आणि अकोल्यातल्या कोणत्या गल्लीत कोण राहतो याचा नकाशा कुठल्याही कार्यालयात टांगलेला नाही; तो आम्हा दलालांच्या डोक्यात असतो, आणि तो तसाच राहावा याला आमचा हातभार लागतो. एम.ए.ला असताना याच विषयावरच्या कवितांवर मी तावातावाने निबंध लिहिले होते. असो.

ज्यासाठी हे लिहायला घेतले ते घर अकोल्याला होते.

आमचे एक सर अमरावतीला मराठी शिकवत. निवृत्तीनंतर ते अकोल्याला वडिलोपार्जित घरी परतले आणि 2014 साली वारले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. मुले पुण्याला आणि परदेशात, घर मोठे, जिना चढवत नाही. "तू त्यांचा विद्यार्थी, तूच पाह्य बापा," असे त्या म्हणाल्या. अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी निघालो.

घर जुने होते. पुढे ओसरी, मागे परसात विहीर. विहिरीचे पाणी गोडे होते, आणि हे वाक्य वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला साधे वाटेल म्हणून थोडे थांबतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथे जमिनीखालचे पाणी खारट निघते, पिकाला चालत नाही, माणसाला तर नाहीच. अकोल्यात त्या काळी नळाला पाणी काही दिवसांआड येई. अशा मुलखात परसातली गोड्या पाण्याची विहीर म्हणजे घराचे कुलदैवतच. काकूंनी मला आधी विहीर दाखवली, मग घर. उन्हाळ्यात सगळी आळी इथून पाणी नेत असे आणि सर रहाटाजवळ खुर्ची टाकून पेपर तपासत, हेही सांगितले. शेवटी वरची खोली दाखवली. भिंतभर पुस्तके, लीळाचरित्राच्या आवृत्त्या, जुनी नियतकालिके बांधून ठेवलेली, आणि सरांच्या बारीक अक्षरातल्या टिपणांचे गठ्ठे.

माझ्या आधी अकोल्यातला एक दलाल येऊन गेला होता. त्याने नव्वद लाख सांगितले होते. घराचा खरा भाव मला दिसत होता: आजूबाजूला नोंदवल्या गेलेल्या व्यवहारांवरून फार तर ऐंशी. बांधकामाला किंमत नव्हती. विहिरीला तर उणे किंमत, कारण जो इमारत बांधील त्याला ती बुजवायचा खर्च. हे सगळे मनात स्वच्छ होते. काकूंनी विचारले, "किती येतीन रे?" मी म्हणालो, "एक कोटी. घाई करू नका, आणि दुसऱ्या कोणाला सांगू नका."

आमच्या धंद्यात याला काम उचलणे म्हणतात. विकणाऱ्याला त्याच्या मनातल्यापेक्षा मोठा आकडा ऐकवायचा. तो आकडा त्याच्या घराचा गौरव वाटतो, आणि गौरव करणाऱ्यालाच तो घर सोपवतो. मग दोन-चार महिने थांबायचे, कमी बोलीची गिऱ्हाइके आणायची, बाजार पडला म्हणायचे, आणि हळूहळू त्याला खऱ्या भावावर उतरवायचे. जाहिरात घेणाऱ्यासाठी लिहिलेली असते असा समज आहे. खरी जाहिरात विकणाऱ्याला ऐकवलेला हा आकडा असतो. काकूंचा चेहरा तो ऐकून उजळला. "काहून रे, येवढे कोनी देईन काय?" असे त्या म्हणाल्या, पण ते विचारणे नव्हते. सरांच्या घराची किंमत सरांच्या विद्यार्थ्याने बरोबर ओळखली, असा त्यात समाधानाचा सूर होता.

मार्च 2016 मध्ये एक डॉक्टर दांपत्य आले. त्यांना घर पाडायचे नव्हते. ओसरी दवाखान्याला आणि विहीर तशीच, असा त्यांचा विचार. बोली अठ्ठ्याहत्तर लाख. यापेक्षा चांगले गिऱ्हाईक मी माझ्या साऱ्या धंद्यात पाहिले नव्हते. काकू नाही म्हणाल्या. एक कोटीचे घर अठ्ठ्याहत्तरला का द्यावे? मी त्या वेळी एवढेच बोलायला हवे होते, की काकू, तो आकडा खोटा होता, मी काम मिळवण्यासाठी सांगितला होता. मी म्हणालो, "बघू, आणखी थोडे थांबू." डॉक्टरांनी दुसरीकडे घेतले.

8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटाबंदी आली. आमच्याकडे जुन्या घरांच्या सौद्यात रोखीचा वाटा किती असे हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर लिहीत बसत नाही. पुढचे कित्येक महिने आमच्याकडे फोन वाजला नाही. 2017 मध्ये काकू पुण्याला मुलाकडे गेल्या, किल्ली माझ्याकडे दिली. मी दोन-तीन महिन्यांनी एकदा जाऊन दार उघडत असे. त्या पावसाळ्यात वरच्या खोलीचे छत गळले. मी गेलो तेव्हा ऊन पडले होते. मधल्या फळीवरची पुस्तके एकमेकांना चिकटून वीट झाली होती, आणि खाली टिपणांच्या गठ्ठ्यांत वाळवी शिरली होती. एक गठ्ठा उचलला तर हातात फक्त वरचा कागद आला. जे वाचले ते पोत्यांत भरून अमरावतीला आणले. ती पोती अजून माझ्याकडे आहेत. फोनवर काकूंना म्हणालो, थोडी पुस्तके भिजली. त्या म्हणाल्या, "थोडीच ना?"

2018 मध्ये एका बिल्डरने एकसष्ट लाखांना घर घेतले. दोन्हीकडून एकेक टक्का ही आमची रीत. काकूंकडून मी काही घेतले नाही आणि त्यांनी त्याला सरांच्या विद्यार्थ्याचा चांगुलपणा मानले. नोंदणीच्या दिवशी कार्यालयातून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "बाजारच पडला त्याले तू काय करशीन." मी गप्प राहिलो. बाजार पडला होता हे खरेच होते. माझ्या खोटेपणाला इतका भक्कम पुरावा दुसरा मिळाला नसता.

2023 साली महारेराने आम्हा मंडळींना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पन्नाशीत मी पुन्हा परीक्षेला बसलो, पर्यायांपुढे खुणा केल्या, उत्तीर्ण झालो. अभ्यास करण्याजोगा होता, यात शंका नाही. नव्या प्रकल्पात सदनिका घेणाऱ्याला 2016 च्या कायद्याने जे संरक्षण दिले ते आवश्यकच होते. पण वाचताना मी सतत शोधत होतो ते कलम त्यात नव्हते. तो कायदा घेणाऱ्याचा आहे. जुने घर विकायला बसलेल्या बाईला तिचा दलाल कोणता आकडा सांगतो, हा त्याचा विषयच नाही. परीक्षेनंतर बाहेर चहा घेताना एक तरुण मुलगा मला विचारत होता, "सर, काम उचलायची काही ट्रिक सांगा ना." मला 'सर' म्हणणारा तो बऱ्याच वर्षांनी भेटला.

सरांच्या घराच्या पश्चिमेचे घर 2021 मध्ये माझ्याकडेच विकायला आले होते. त्या मालकाला मी पहिल्याच बैठकीत खरा भाव सांगितला. तो नाराज झाला, दुसऱ्याकडे गेला, आणि सात महिन्यांनी परत आला. दस्त तयार झाला तेव्हा दस्तलेखकाने जुन्या खरेदीखतावरून चतुःसीमा जशीच्या तशी उतरवली होती: पूर्वेस सरांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आणि पुढे 'यांचे घर व विहीर'. तिथे तेव्हा चार मजल्यांची इमारत उभी होती आणि विहिरीच्या जागी स्कूटर लावत. दस्तलेखक म्हणाला, "जुनंच राहू देऊ का? चालते तसं." मी थोडा वेळ तो कागद हातात धरून बसलो. मग इमारतीचे नाव सांगितले आणि ओळ बदलायला लावली.