वर्षभराची झावळी

झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली पात आमच्या वसईत घरोघर वर्षभर राहते. चर्चच्या पटांगणात फादर तिच्यावर पाणी शिंपडतात, मिरवणूक निघते, येरुशलेमेत गाढवावर बसून आलेल्या प्रभूचं पुन्हा एकदा स्वागत होतं. मिस्सा संपली की जो तो आपापली पात घेऊन घरी येतो. कुणी तिचा छोटासा क्रूस विणतं, कुणी तशीच लांब ठेवतं. घरातल्या क्रूसामागे ती खोचली की तिचं खरं काम सुरू होतं, असं मला वाटतं.

चर्चमध्ये ती तासभर असते, घरात बारा महिने. पहाटे फुलं आणि भाजी टोपल्यांत भरून गाडी गाठायची घाई तिच्यासमोर चालते. कालवणाला उकळी फुटल्याचा वास तिच्यापर्यंत जातो. पोरांचे पाढे, सासू-सुनेतली धुसफुस, बांधावरून भावाभावांत झालेली बोलाचाली, सगळं तिच्या कानावर. संध्याकाळी रोझरीला घर गुडघे टेकतं आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणतं. त्या प्रार्थनेत भाकर मागायची ती फक्त आजची, आणि तीही सगळ्यांसाठी. उद्याचा साठा मागायची त्यात सोय नाही, एकट्यापुरतं मागायचीही नाही. माझी आजी वाडीतली केळी विकताना प्रत्येक डझनावर एक केळं वर ठेवायची. चुकून कुणाला कमी जाऊ नये म्हणून. ही तिची रोझरीच होती, हे मला फार पुढे कळलं.

हिरवी पात हळूहळू पिवळी पडते, मग वाळून कुरकुरीत होते. ताजी झावळी हातात धरून मिरवणुकीत गाणं कुणालाही साधतं. त्याच वाळक्या पातीखाली ऐन श्रावणातल्या एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी गोड बोलणं, खरं बोलणं, हे भक्तीचं काम आहे.

शिवाय ही पात येते ती आमच्याच वाडीतल्या माडावरून, आणि वाडी जगते विहिरीच्या पाण्यावर. 1980च्या दशकाच्या अखेरीस टँकर भरभरून विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, गोड पाणी खारं होऊ लागलं. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. ज्यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ आणलं, तेच फादर विहिरींसाठी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यासोबत सर्व धर्मांचे वसईकर चालले. शेजाऱ्याच्या विहिरीची काळजी वाहणं हीसुद्धा उपासना आहे, हे आमच्या पिढीने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या तोंडावर जुन्या पाती चर्चमध्ये परत जातात. त्या जाळून झालेली राख बुधवारी फादर आमच्या कपाळाला लावतात. त्या राखेत आमची घरं असतात. वर्षभर तिथे जे बोललं गेलं, गिळलं गेलं, वाटलं गेलं, ते सारं तिच्यात असतं. मग चाळीस दिवसांचा उपवास. मटण-मासळी सोडणं मला जमतं. वाचलेले पैसे गरजवंतासाठी बाजूला काढणंही जमतं. अबोला धरलेल्या भावाच्या दारात आपण होऊन जाणं मात्र जिवावर येतं.

प्रभूने तर यात पळवाटच ठेवलेली नाही. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, अशी त्याची शिकवण आहे. म्हणजे वेदीची वाट भावाच्या अंगणातून जाते. आमच्या गावात चर्चला जायच्या पायवाटा तशाही एकमेकांच्या वाड्यांतून, अंगणांतूनच गेलेल्या आहेत. त्या वाटेने मान वर करून चालता येईल असं आजच्या दिवसाचं वागणं माझ्या हातून व्हावं, एवढंच मी रोज मागते; आणि मागून झालं की उठून कामाला लागते.