जागा आधी, डबा नंतर

जिओकॅशिंगमध्ये कौतुक होतं ते डबा शोधणाऱ्याचं. पण मला विचाराल, तर या खेळातलं खरं कसब डबा ठेवणाऱ्याचं आहे. एखाद्या झाडाच्या बुंध्याशी घट्ट झाकणाचा डबा ठेवायचा, आत सही करायला छोटी वही ठेवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. त्या दिवसापासून आपण कधीही न पाहिलेली माणसं जीपीएसच्या आधारे त्या झाडापाशी येऊ लागतात. कुणी पावसात येतं, कुणी लहान मुलांना घेऊन येतं, कुणी रात्री विजेरी घेऊन. त्यांचं पाऊल कुठे पडणार हे आपण ठरवलेलं असतं. म्हणून मी जागा निवडताना यजमानासारखा विचार करते. पाहुण्यांना मी कुठे बोलावते आहे आणि ते घर इतक्या पाहुण्यांना सोसेल का?

मी सिएटलजवळ राहते. या खेळाचा जन्म इथून फार दूर झालेला नाही. जीपीएसच्या नागरी संदेशांत अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. 2 मे 2000 रोजी ते बंद झालं आणि शंभर मीटरपर्यंत हुकणारी यंत्रं एका रात्रीत दहा-वीस मीटरच्या आत आली. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीकच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. माइक टीग यांनी ती काही दिवसांतच शोधून काढली. त्या बादलीत गलोल होती, पुस्तकं होती, बीन्सचा सीलबंद डबाही होता आणि ती अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आजच्या नियमांत पुरायलाही सहसा बंदी आहे आणि खाण्याच्या वस्तू ठेवायलाही. खणलं की मुळं दुखावतात. शिवाय एकाने खणून पुरलं असं कळलं, की पुढचे दहाजण शोधण्यासाठी खणू लागतात. खाण्याच्या वासाने अस्वलापासून खारीपर्यंत सगळे डबा फोडायला येतात. हे नियम जागेची बाजू घेतात, म्हणून मला ते मनापासून पटतात.

जागा बघताना पहिला प्रश्न असतो तो जमीन कुणाची आहे हा. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांत सहसा डबा ठेवू देत नाहीत. आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या स्टेट पार्कांत आधी परवानगी काढावी लागते. जवळच्या दुसऱ्या डब्यापासून किमान 161 मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर असावं लागतं आणि प्रत्येक नवी जागा एक स्वयंसेवक रिव्ह्यूअर तपासतो. शहरात तर जास्तच जपावं लागतं. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर ठेवलेला असा डबा संशयास्पद वाटला. बॉम्बविरोधी पथक आलं आणि तो उडवून देण्यात आला. शाळा, पूल, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांच्या आसपास मी जागा शोधतच नाही. जिथे माणूस वाकून काही शोधताना दिसला तर बघणाऱ्याच्या मनात भीती येईल, ती जागा कितीही सुंदर असली तरी आपल्या कामाची नाही.

दुसरा प्रश्न असतो पायवाटेचा. इथल्या ओल्या जंगलात जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांचा जाड थर असतो. पाच-सहा माणसं एकाच दिशेने गेली की तिथे वाट उमटते, आणि ती भरून यायला वर्षं जातात. त्यामुळे डबा मूळ वाटेपासून हाताच्या अंतरावर असेल अशी जागा मी निवडते. या जंगलांत शंभर वर्षांपूर्वीच्या लाकूडतोडीचे प्रचंड बुंधे अजून उभे आहेत. रेड सीडारच्या अशा बुंध्यावर जमिनीपासून बऱ्याच उंचीवर दोन खाचा दिसतात. लाकूडतोडे त्या खाचांत फळ्या रोवायचे आणि फळ्यांवर उभं राहून करवत चालवायचे. असा बुंधा वाटेच्या अगदी कडेला सापडला तर मला आणखी काही नको असतं. डबा शोधायला आलेला माणूस मान वर करून त्या खाचा बघतो. मी त्याला तेवढ्यासाठीच बोलावलेलं असतं.

तिसरा प्रश्न आकड्यांचा. आपण जागा अंश, मिनिटं आणि मिनिटाच्या हजाराव्या भागांत लिहितो. अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर 1.85 मीटर. सिएटलच्या अक्षांशावर रेखांशाचा तेवढाच भाग जेमतेम सव्वा मीटर भरतो. कागदावर हे फार नेमकं दिसतं. पण उंच डग्लस फरच्या दाटीत उपग्रहाचे संदेश खोडांवर आपटून वळतात आणि यंत्र दहा-पंधरा मीटर भरकटतं. तेव्हा एका दिवसाचा आकडा मी कधीच देत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दिशांनी त्या जागी जाते, आकडे टिपते आणि त्यांची सरासरी काढते. आकडा चुकीचा असला की शोधणारे चहूबाजूंना झुडपं तुडवतात. नेमका आकडा देणं हा जंगलाशी राखलेला शिष्टाचार आहे.

डब्याचा विचार याच्यानंतर येतो. इथे हिवाळाभर झिमझिम चालते. बारीकशी फिल्मची डबी दोन महिन्यांत आतून ओली होते. त्यापेक्षा रबरी कडा असलेली जुनी लष्करी काडतुसांची पेटी चांगली. वहीचा कागद मी टकोमात बनणारा, ओला झाला तरी पेन्सिलने लिहिता येणारा वापरते. तो मुळात याच भागातल्या लाकूडतोड्यांसाठी तयार झाला होता. आणि डबा ठेवला की तो सांभाळायची जबाबदारी आपली. पुण्याला सुट्टीत गेले की सिंहगडाच्या वाटेवर एक डबा ठेवावा असं फार वाटतं. ठेवत नाही. पावसाळ्यात तो उघडून बघायला, वही बदलायला तिथे मी नसेन. जिथे आपण वरचेवर जाऊ शकत नाही, तिथे आपण यजमान होऊ नये.

वाटेच्या अवघडपणाला 1 ते 5 अंक देतात. 1 म्हणजे व्हीलचेअरवरूनही पोहोचता येईल अशी जागा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा या 1 ची किंमत कळते. बाबांचे गुडघे आता उतार मानत नाहीत. एकदा एका तळ्याकाठच्या बाकाजवळ डबा होता. आईने तो शोधला आणि बाबांनी वहीत देवनागरीत सही केली. मग दोघं बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. निघताना बाबा म्हणाले, "ज्याने कुणी ही जागा शोधली, त्याला म्हाताऱ्या माणसांची आठवण होती." ज्याने तो डबा ठेवला, त्याला मी कधी भेटलेली नाही. पण त्याच्याकडून मी शिकले.

डब्यांच्या मागे गाडी घेऊन निघायचं, तर आखणीलाही मी जागेचीच कसोटी लावते. एका रस्त्यावर ओळीने शेकडो डबे ठेवलेले असतात आणि दिवसभरात ते टिपत जाणारे लोक असतात. मला त्यात रस्ता दिसत नाही. आमच्याकडची नावाजलेली फेरी तीन ठिकाणांची आहे. सिएटलच्या फ्रीमाँट भागातलं जिओकॅशिंगचं मुख्यालय, ओरेगनमधल्या त्या पहिल्या बादलीच्या जागेवरचा स्मृतिफलक, आणि स्नोक्वाल्मी खिंडीतला 'प्रोजेक्ट एप'चा डबा. हा डबा 2001 मध्ये 'प्लॅनेट ऑफ द एप्स' चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ठेवला होता. त्याच्याकडे जायची नेहमीची वाट खिंडीतल्या हायॅकपासून जुन्या रेल्वेच्या बोगद्यातून सुमारे 3.7 किलोमीटरची आहे. आत मिट्ट काळोख असतो, भर उन्हाळ्यातही थंडी वाजते आणि छतातून पाणी ठिबकतं. हिवाळ्यात बर्फाच्या सुळक्यांमुळे बोगदा बंद असतो, म्हणून सगळी आखणी या बोगद्यापासून सुरू करावी लागते. खिंड पूर्वेला, ओरेगन दक्षिणेला. मी पहिल्या दिवशी सकाळी बोगदा आणि परत येऊन फ्रीमाँट ठेवते. ओरेगनला पूर्ण दुसरा दिवस देते, कारण ते अंतर जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. नकाशे आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घेते. डोंगरात सिग्नल नसतो.

पण पाहुण्यांना एकच प्रवास घडवायचा असेल, तर मी आय-90 महामार्गाने तशीच पूर्वेला जाते, ड्राय फॉल्सला. तिथे डब्याची गरजच नाही. अशा जागांसाठी अर्थकॅश असतात. दगड नीट बघायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. सुमारे साडेपाच किलोमीटर रुंद आणि 120 मीटर उंच असा हा कोरडा कडा हिमयुगातल्या महापुरांनी कोरला. 1920 च्या दशकात जे. हार्लेन ब्रेट्झ यांनी हे मांडलं, तेव्हा इतर भूशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. पुढे 1979 मध्ये त्यांना भूशास्त्रातलं मानाचं पेनरोझ पदक मिळालं. कड्याचा दगड बेसॉल्ट आहे, थरावर थर रचलेला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्या पायऱ्या लगेच ओळखू येतात. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा दोन कोटींच्याही आतला, पण घडण तीच. नाशिकहून आलेल्या मावशीला तिथे उभं केलं, तेव्हा मला समजावून सांगायला काही उरलंच नाही.

तुम्हाला डबा ठेवावासा वाटला, तर आधी रिकाम्या हाताने त्या जागी जा. पावसात जा, दुपारी जा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला बरोबर घेऊन जा. जमिनीच्या मालकाला विचारा. सहा महिन्यांनी तिथे परत यायला जमेल का, हे स्वतःला विचारा. डबा सापडला नाही तरी इथे आल्याचं सार्थक झालं, असं येणाऱ्याला वाटेल याची खात्री झाली, तरच डबा विकत घ्या.